गाठ कातडीखाली, उलथापालथ हाडात

संशोधक विद्यार्थिनी म्हणून मी मुंबईतील एका प्रयोगशाळेत रुजू झाले, त्याला आता बरीच वर्षे झाली. परंतु तिथली एक काचपट्टी अजून डोळ्यांसमोर जशीच्या तशी उभी राहते. स्तनाच्या कर्करोगाची गाठ वाढत असलेल्या एका उंदरिणीच्या शेपटीतून घेतलेला रक्ताचा थेंब मी काचेवर ओढला होता, लेशमनच्या रंगात रंगवला होता, आणि वर तेलाचा थेंब टाकून शंभराच्या भिंगाखाली पांढऱ्या पेशींची वर्गवारी करायला बसले होते. निरोगी उंदराच्या रक्तात पांढऱ्या पेशींपैकी साधारण ७० ते ८० टक्के लिम्फोसाइट असतात. माणसात न्यूट्रोफिलांचे, म्हणजे जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींचे, बहुमत असते, उंदरात ते नसते, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले होते. त्यामुळे गोल, गडद निळ्या केंद्रकाचे लिम्फोसाइट दिसतील या अपेक्षेने मोजणीयंत्राच्या त्या कळीवर मी बोट ठेवले होते. ते बोट जवळपास हललेच नाही. काचपट्टी जिकडे सरकवावी तिकडे न्यूट्रोफिलच न्यूट्रोफिल, आणि त्यांतही कित्येकांचे केंद्रक मेदुवड्यासारखे, मध्ये भोक असलेले कडे. उंदराच्या या वंशातील पेशींचे केंद्रक, विशेषतः त्या पुरत्या पिकलेल्या नसताना, असे कड्याच्या आकाराचे असते. आणि अशा कच्च्या पेशींनी एरवी हाडाच्या आतच राहायचे असते.

मी जरा घाबरूनच आमच्या जुन्या तंत्रज्ञांकडे गेले. त्यांना सगळेच काका म्हणत.

"काका, माझी पट्टी बदलली गेली का हो? ही शेजारच्या टेबलावरच्या ल्युकेमियाच्या उंदराची वाटतेय."

त्यांनी भिंगातून एकदाच पाहिले. "पट्टी तुझीच आहे. आणि हा ल्युकेमिया नाही. उद्या हा उंदीर उघडशील तेव्हा आधी पांथरी बघ, मग मला येऊन सांग."

पांथरी म्हणजे प्लीहा. हा शब्द मी लहानपणी हिवतापाच्या संदर्भात ऐकला होता, त्यानंतर थेट त्या दिवशी.

त्या उंदरिणीच्या अंगावर वाढणारी गाठ ‘४टी१’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशींची होती. या पेशींचे कूळ मोठे मजेशीर आहे. त्यांचा मूळपुरुष, किंवा मूळस्त्री म्हणू या, ही बाल्ब-सी वाणाची एक उंदरीण होती. परंतु त्या शाखेतील पिल्ले जन्मल्यावर सी३एच या दुसऱ्या वाणाच्या दाईच्या अंगावर पाजून वाढवलेली होती. सी३एच वाणाच्या दुधातून स्तनाच्या गाठी निर्माण करणारा विषाणू पिल्लांत उतरतो. अशा शाखेतील एका मादीला आपोआप झालेल्या गाठीतून अमेरिकेत डेट्रॉइट येथे फ्रेड मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींच्या अनेक भावंड-ओळी वेगळ्या केल्या, आणि ४टी१ ही त्यांतली सर्वांत दांडगी. तिच्या सुमारे एक लाख पेशी निरोगी बाल्ब-सी मादीच्या स्तनाखालील चरबीत टोचल्या, तर आठवडाभरात बोटाला दाणा लागतो आणि चार आठवड्यांच्या आत फुप्फुसात तिची पिलावळ पोहोचलेली असते.

दुधातून उतरणाऱ्या विषाणूचा विषय निघाला की मला हटकून कमल रणदिवे आठवतात. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या या बाईंनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उंदरांचे वाण, त्यांची संप्रेरके, त्यांची आनुवंशिकता आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध तपासण्यात हयात घालवली. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. ती इथे नोंदवून पुढे जाते.

दुसऱ्या दिवशी उंदरीण उघडण्याआधी मी पांढऱ्या पेशींची एकूण संख्या मोजायला घेतली. नेहमीच्या रीतीने रक्त टर्कच्या द्रावणात वीसपट पातळ केले. या द्रावणातील ॲसिटिक आम्लाने तांबड्या पेशी फुटून जातात आणि जांभळ्या रंगाने पांढऱ्या पेशींची केंद्रके उठून दिसतात. मोजणीच्या काचेवर थेंब सोडला आणि पाहते तो चौकोनांच्या रेषाच दिसेनात, इतकी दाटी. पुन्हा पातळ केले, पुन्हा दाटी. निरोगी उंदराच्या एका मायक्रोलिटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण दोन ते दहा हजारांच्या दरम्यान असतात. ४टी१ ची गाठ चार आठवडे वाढू दिली की हा आकडा लाखाच्या घरात जातो. माणसात पांढऱ्या पेशी ५० हजारांच्या वर गेल्या आणि रक्ताचा कर्करोग मात्र नसला, तर त्या अवस्थेला ल्युकेमॉइड प्रतिक्रिया म्हणतात. ४टी१ उंदरातील अवस्थेलाही शास्त्रीय लेखनात हेच नाव दिले गेले आहे.

मग पांथरी. निरोगी उंदराची पांथरी पोटाच्या डाव्या बाजूला, जठराला चिकटून असते; चपटी, लांबुडकी, गडद लाल, चिंचेच्या कोवळ्या बुटकासारखी. वजन भरते शंभरेक मिलिग्रॅम. या उंदरिणीची पांथरी पोटाच्या मध्यरेषेपलीकडे आलेली होती, जाड झालेली होती, आणि चिमट्यात धरताना ती फाटेल की काय अशी भीती वाटत होती. तराजूवर ती नेहमीच्या कित्येक पट भरली. त्यानंतर मांडीचे हाड काढले. हाडाची दोन्ही टोके कापून बारीक सुईच्या सिरिंजने एका बाजूने द्रावण सोडले की दुसऱ्या बाजूने मज्जेची तांबडी वात अखंड बाहेर येते. हे काम मी तोपर्यंत शंभर वेळा केले असेल. या खेपेस बाहेर आलेली वात तांबडी नव्हती. फिकट, करड्या-गुलाबी रंगाची होती. मज्जा रिकामी झाली असावी असे मला वाटले, परंतु पेशी मोजल्या तर त्या भरपूर होत्या. बदलले होते ते त्यांच्यातले प्रमाण: तांबडा रंग देणाऱ्या पेशींची पिल्ले हटली होती आणि त्यांच्या जागी न्यूट्रोफिलांच्या वंशाची खोगीरभरती झाली होती.

हे सारे पाहताना एक गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागत होती. मज्जेत कर्करोगाची एकही पेशी सापडत नसतानाही हे घडू शकते. गाठ पोटाच्या कातडीखाली, स्तनाच्या चरबीत. आणि उलथापालथ हाडाच्या पोकळीत. आपल्याकडे कर्करोगाने पांढरीफटक पडलेली बाई पाहून "गाठीनं रक्त पिलं तिचं" असे म्हणतात. मीही तोवर मनातल्या मनात तसेच धरून चालले होते, की गाठ शरीरातून अन्न ओढते, रक्त ओढते, आणि बाकीचे शरीर उपाशी पडते. ते अगदीच खोटे नाही. परंतु उपासमारीने मज्जा सर्वच बाजूंनी आटायला हवी होती. इथे एक खाते ओसंडून वाहत होते आणि दुसरी खाती ओस पडली होती. हे उपासमारीचे लक्षण नव्हे. कोणीतरी हुकूम सोडल्याचे लक्षण आहे.

हुकूम सोडणाऱ्या रेणूंपैकी सर्वांत महत्त्वाचा जी-सीएसएफ. हे एक प्रथिन आहे आणि त्याचे रोजचे काम सरळ आहे. शरीरात जंतूंचा शिरकाव झाला की निरनिराळ्या ऊती ते सोडतात, ते रक्तातून मज्जेत पोहोचते, आणि मज्जा न्यूट्रोफिल तयार करण्याचा व बाहेर सोडण्याचा वेग वाढवते. संसर्ग आटोक्यात आला की हुकूम थांबतो. ४टी१ पेशी हेच प्रथिन स्वतः तयार करतात आणि थांबत नाहीत. मज्जेच्या दृष्टीने पाहिले तर तिला आग लागल्याची वर्दी मिळत राहते, आणि गाठ जितकी मोठी तितकी वर्दी जोरात.

जी-सीएसएफच्या शोधाचा इतिहास या संदर्भात वाचण्यासारखा आहे. १९६०च्या दशकात इस्रायलमध्ये प्लुझ्निक आणि सॅक्स यांनी, आणि ऑस्ट्रेलियात ब्रॅडली आणि मेटकाफ यांनी, मज्जेच्या पेशी आगारसारख्या मऊ, थुलथुलीत माध्यमात वाढवून दाखवल्या. अट एकच होती, की दुसऱ्या कुठल्यातरी पेशींनी सोडलेले काही द्रव्य त्या माध्यमात असले पाहिजे. ते द्रव्य कोणते, याचा पाठलाग मेलबर्नमध्ये डोनाल्ड मेटकाफ यांच्या गटाने पुढची कित्येक वर्षे केला आणि १९८३ साली उंदराच्या फुप्फुसाच्या ऊतीने सोडलेल्या द्रवातून जी-सीएसएफ शुद्ध स्वरूपात वेगळे केले. मानवी जी-सीएसएफ मिळवण्याची वेळ आली तेव्हा मात्र संशोधक गेले ते थेट गाठींकडेच. मूत्राशयाच्या कर्करोगापासून निघालेली एक पेशी-ओळ आणि तोंडाच्या कर्करोगापासून निघालेली दुसरी, या दोन्ही ओळी हे प्रथिन भरभरून सोडत होत्या. १९८६ साली त्याचे जनुक हाती आले ते अशाच पेशींमधून. १९९१ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी कोसळल्या की रुग्णाला "पेशी वाढवण्याचे इंजेक्शन" म्हणून जे देतात, ते हेच. गाठी जो हुकूम फुकट आणि अखंड सोडत होत्या, त्याचीच नक्कल करून आपण रुग्णांचे जीव वाचवतो. मला स्वतःला ही गोष्ट त्या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते, आणि वर्गात शिकवताना विद्यार्थ्यांना ती मी परीक्षेत येणार नसली तरी सांगतेच.

आता कोणी विचारील, की दोष खरोखर गाठीने सोडलेल्या प्रथिनाचा आहे, की मोठी गाठ अंगावर असल्याने होणाऱ्या साध्या दाहाचा? उत्तर देण्यासाठी ४टी१ ची भावंडे फार उपयोगी पडली. त्याच एका मूळ गाठीतून निघालेली ‘६७एनआर’ नावाची ओळ उंदरात गाठ तर करते, पण दूरच्या अवयवांत पसरत नाही. २०१० साली कॅलिफोर्नियातील एका गटाने दाखवले, की पसरणाऱ्या ओळी जी-सीएसएफ मोठ्या प्रमाणात बनवतात, ६७एनआर बनवत नाही. आणि जी-सीएसएफला प्रतिपिंडांनी अडवले तर फुप्फुसातील प्रसारही कमी होतो. म्हणजे रक्तात सोडलेले ते न्यूट्रोफिल नुसतेच फिरत नसतात. ते कर्करोगाच्या पेशी पोहोचण्याआधी फुप्फुसात जाऊन बसतात आणि तिथली जमीन भुसभुशीत करून ठेवतात. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने ४टी१ पेशींमधील जी-सीएसएफचे उत्पादन जनुकीय पद्धतीने दाबले, तेव्हा या न्यूट्रोफिलसदृश पेशींची संख्या घटली आणि गाठीची वाढही मंदावली.

मज्जेच्या आत नेमके काय बदलते, हे समजण्यासाठी रक्तनिर्मितीची वंशावळ डोळ्यांसमोर आणावी लागते. सर्वांत वर अगदी थोड्या मूळपेशी. त्यांच्यापासून निघालेल्या, अजून अनेक वाटा मोकळ्या असलेल्या पूर्वज पेशी. मग वाट ठरलेले वंश: एका बाजूला न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट, दुसऱ्या बाजूला तांबड्या पेशी आणि प्लेटलेट, तिसरीकडे लिम्फोसाइट. पूर्वी अशी समजूत होती, की गाठीमुळे फक्त शेवटच्या पायऱ्यांवर घाई होते, तयार होत आलेले न्यूट्रोफिल लवकर बाहेर ढकलले जातात. कॅलिफोर्नियातील झेना वर्ब यांच्या प्रयोगशाळेने २०१५ साली दाखवले, की बदल त्याहून फार वर होतो. त्यांनी टोचलेली गाठ वापरली नाही. जनुकीय बदलामुळे ज्या उंदरांना स्तनाचा कर्करोग आपोआप होतो असे उंदीर वापरले, आणि तरीही मूळपेशी व पूर्वज पेशींच्या पातळीवरच प्रवाह न्यूट्रोफिलांच्या बाजूला वळलेला आढळला. इथेही सूत्रधार जी-सीएसएफच निघाला. शिवाय या मार्गाने तयार झालेले न्यूट्रोफिल टी-पेशींना, म्हणजे कर्करोगाच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या लिम्फोसाइटांना, दाबून टाकत होते. ते दिसायला न्यूट्रोफिल होते, वागायला मात्र गाठीच्या बाजूचे.

अशा पेशींना २००७ सालापासून एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, त्याचा अर्थ साधारण ‘मज्जावंशातील दमनकारी पेशी’ असा होतो. नाव कितपत चपखल आहे यावर अजून वाद आहे, आणि त्या वादात माझी सहानुभूती नाव नको म्हणणाऱ्यांकडे आहे, कारण एका पिशवीत फार वेगवेगळ्या पेशी कोंबल्या जातात. त्या करतात काय, हे मात्र चांगले माहीत आहे. आर्जिनेज नावाच्या विकराने त्या आसपासचे आर्जिनिन हे अमिनो आम्ल संपवतात, ऑक्सिजनची प्रक्षोभक संयुगे सोडतात, आणि गाठीवर चालून आलेल्या टी-पेशी निष्प्रभ होतात. त्याच वेळी गाठधारी उंदराची थायमस ग्रंथी, जिथे टी-पेशी पिकतात, सुकत जाते आणि मज्जेत बी-लिम्फोसाइट तयार होण्याचे प्रमाण घसरते. माझ्या काचपट्टीवर लिम्फोसाइट हरवल्यासारखे वाटत होते, त्यात बराच भाग न्यूट्रोफिलांच्या गर्दीचा होता, कारण टक्केवारीत एक वाढला की दुसरा कमी दिसणारच; पण लिम्फोसाइटांचा कारखानाही खरोखर मंद झालेला असतो, हे मला नंतर उमगले.

तांबड्या पेशींची कथा मला अधिक गुंतागुंतीची वाटते. उंदराची तांबडी पेशी सुमारे ४० दिवस जगते, माणसाची १२०. म्हणजे मज्जेने तांबड्या पेशी बनवणे पुरते थांबवले, तर महिनाभरात उंदराचे बहुतेक रक्त संपायला हवे. ४टी१ उंदीर चौथ्या आठवड्यात फिकट पडतो, कान आणि पंजे पांढरट दिसू लागतात, हिमोग्लोबिन उतरते. परंतु तो हिशेबाइतका रिता होत नाही. तूट भरून काढते ती पांथरी. माणसाची पांथरी जन्माच्या सुमारास रक्त बनवण्याचे काम सोडून देते. उंदराची पांथरी ते काम आयुष्यभर थोडेथोडे चालू ठेवते आणि संकट आले की खाते पुन्हा पूर्ण उघडते. टोरांटोमध्ये टिल आणि मॅकलक यांनी १९६१ साली किरणोत्साराने मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली, आणि दहाएक दिवसांनी त्यांच्या पांथरीवर उठलेल्या गुठळ्या मोजल्या. रक्ताच्या मूळपेशींचा आधुनिक अभ्यास तिथून सुरू झाला. उंदराच्या पांथरीला रक्त बनवता येत नसते, तर तो प्रयोग तसा झालाच नसता.

गाठधारी उंदरात मज्जेतील तांबडे खाते बंद पडायला एकच कारण नाही. जी-सीएसएफमुळे मज्जेतील काही मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, कमी होतात, आणि तांबड्या पेशींची पिल्ले ज्यांच्याभोवती बसून वाढतात त्या याच मॅक्रोफेज. तशातच दाहामुळे आयएल-६ हे संदेशवाहक प्रथिन वाढते, यकृत हेप्सिडिन हे लोह अडवणारे संप्रेरक सोडते, आणि लोह शरीरात असूनही पेशींच्या कोठारांत अडकून पडते. मूळपेशींना मज्जेत धरून ठेवणारे सीएक्ससीएल१२ हे रेणूही घटतात, म्हणून मूळपेशी हाडातून सुटतात आणि पांथरीत जाऊन घर करतात. मांडीच्या हाडातली फिकट वात आणि पोटातली फुगलेली पांथरी या दोन वेगळ्या घटना नव्हेत; एकाच स्थलांतराची ती दोन टोके आहेत. पांथरीचा पातळ छेद रंगवून पाहिला तेव्हा मला तो खरोखर मज्जेचा छेद वाटला होता. त्यात कड्याच्या केंद्रकाच्या पेशी होत्या, तांबड्या पेशींच्या गर्द केंद्रकाच्या पिल्लांचे घोळके होते, आणि प्लेटलेट बनवणाऱ्या, अनेक खंडांच्या अवाढव्य केंद्रकाच्या मेगाकॅरिओसाइटही निवांत बसल्या होत्या.

तरीही पांथरीच्या या धावपळीचे पूर्ण कौतुक करता येत नाही. २०१८ साली चीनमधील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की मोठी गाठ असलेल्या उंदरांच्या पांथरीत तांबड्या पेशींची अर्धवट पिल्ले मोठ्या संख्येने साचतात आणि त्यांतूनही गाठीला मदत होते. एका गटाला ही पिल्ले टी-पेशींना दाबताना आढळली, दुसऱ्याला ती आर्टेमिन नावाचे प्रथिन सोडताना आढळली, ज्यामुळे यकृताच्या कर्करोगाची वाढ अधिक जोमाने झाली. रक्तक्षय भरून काढण्यासाठी उभारलेली फौजच पुढे शत्रूला रसद पुरवू लागते.

प्लेटलेटबद्दल थोडक्यात. गाठीमुळे आयएल-६ वाढते, त्याने यकृत थ्रॉम्बोपोएटिन हे प्लेटलेट वाढवणारे संप्रेरक जास्त बनवते, आणि प्लेटलेट वाढतात. अंडाशयाच्या कर्करोगाच्या बाबतीत २०१२ साली हा मार्ग उंदरांत आणि रुग्णांतही दाखवला गेला. निरोगी उंदराच्या प्लेटलेट मुळातच मायक्रोलिटरला दहा लाखांच्या आसपास असतात, त्यामुळे काचपट्टीवर नुसत्या नजरेने ही वाढ ओळखणे मला तरी कधी जमले नाही.

गाठ आणि हाड यांच्यातील संवाद एकाच प्रथिनावर चालतो असा समज होऊ नये, म्हणून एक उदाहरण आणखी देते. बोस्टनमधील एका गटाने २०१७ साली फुप्फुसाच्या कर्करोगाचे उंदीर तपासले. हाड बनवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी, ज्यांचा फुप्फुसाशी वरवर पाहता काही संबंध नाही, त्या या उंदरांत जास्त कार्यरत झालेल्या होत्या. त्यांना कमी केल्यावर गाठीत पोहोचणारे विशिष्ट न्यूट्रोफिल घटले आणि गाठीची वाढही रोडावली. हाड म्हणजे निव्वळ मज्जेची कुपी, हे माझ्या मनातले चित्र त्या लेखाने पुसले.

या सगळ्यावरून माणसाविषयी निष्कर्ष काढताना मात्र हात आखडता घ्यावा लागतो. वीस ग्रॅमच्या उंदराच्या अंगावर एक ग्रॅमची गाठ म्हणजे शरीराच्या पाच टक्के; साठ किलोच्या बाईच्या अंगावर ती तीन किलोची होईल. इतकी मोठी गाठ, तीही चार आठवड्यांत, कोणत्याच वैद्याने पाहिलेली नसते. शिवाय ४टी१ हे टोकाचे उदाहरण आहे. काळ्या उंदरांत वाढणारा बी१६ मेलानोमा किंवा १९५१ साली फिलाडेल्फियात मार्गारेट लुईस यांना आढळलेला लुईस फुप्फुस-कर्करोग रक्तात इतका दंगा करत नाही. त्यात प्रयोगातल्या साध्यासुध्या चुका मिसळतात, ज्या मी स्वतः केल्या आहेत. गाठीवरची कातडी फुटून जखम झाली की तिथे जंतू शिरतात आणि न्यूट्रोफिल त्यामुळेही वाढतात. जखमेतून रक्त झिरपले की रक्तक्षय त्यानेही होतो. शेपटीतून घेतलेल्या आणि हृदयातून घेतलेल्या रक्तातील पांढऱ्या पेशींचे आकडे जुळत नाहीत. उंदराच्या अंगात रक्त असते जेमतेम दीड-दोन मिलिलिटर. ‘थोडेसेच’ म्हणत दर तीन दिवसांनी ते काढत राहिले, तर जो रक्तक्षय आपण गाठीच्या नावावर लिहितो तो आपल्याच सुईचा असतो. माझ्या पहिल्या प्रयोगातील हिमोग्लोबिनचे सगळे आकडे याच कारणाने काकांनी वहीत आडवी रेघ मारून रद्द करायला लावले होते. नियंत्रण-गटातील निरोगी उंदरांकडून मी तितक्या वेळा रक्त घेतलेच नव्हते.

माणसातही या गोष्टीच्या खुणा दिसतात, पण सौम्य. काही फुप्फुसांच्या आणि इतर अवयवांच्या कर्करोगांत जी-सीएसएफ सोडणाऱ्या गाठी आढळतात आणि रुग्णाच्या पांढऱ्या पेशी पन्नास हजारांच्या पुढे जातात. अशा वेळी डॉक्टर आधी संसर्ग शोधतात, मग ल्युकेमिया, आणि त्यानंतर संशय गाठीवर येतो. अनेक प्रकारच्या कर्करोगांत न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर वाढलेले असणे हे वाईट लक्षण मानले जाते. हे गुणोत्तर साध्या सीबीसीच्या कागदावरच्या दोन आकड्यांवरून काढता येते. माझ्या एका नातेवाईक बाईंचा असा कागद हातात आला, तेव्हा मी तो वाचण्याआधी नकळत ते दोन आकडे शोधले होते.

शेवटचा प्रयोग सांगायचा राहिला. हुकूम सोडणारी गाठच काढून टाकली तर मज्जा मूळपदावर येते का, हे पाहण्यासाठी आम्ही काही उंदरिणींना भूल देऊन गाठी काढल्या आणि कातडी शिवून घेतली. आठवडाभर मी रोज सकाळी जाऊन आधी टाके बघायचे. रक्त मात्र या वेळी अगदी बेताने, ठरवलेल्या दिवशीच, आणि निरोगी गटाकडूनही तितकेच घेतले. पांढऱ्या पेशींचा आकडा उतरू लागला. काचपट्टीवर कडी कमी झाली, लिम्फोसाइट पुन्हा दिसू लागले, आणि ज्या मोजणीच्या काचेवर रेषा दिसत नव्हत्या तिथे वीसपट पातळ केलेले रक्त पुन्हा पुरू लागले. एका उंदरिणीचा आकडा मात्र उतरता उतरता थांबला आणि मग चढू लागला. शस्त्रक्रियेची जागा स्वच्छ भरून आली होती, बोटाला कुठेही दाणा लागत नव्हता, वजन ठीक होते, ती पिंजऱ्यात इकडून तिकडे हिंडत होती. मी काकांना म्हटले, की मोजण्यात माझी चूक झाली असेल, पुन्हा मोजते. त्यांनी पट्टी मागितली, भिंगाखाली धरली आणि म्हणाले, "मोजणी बरोबर आहे तुझी. फुप्फुसं बघावी लागतील."

फुप्फुसांवर मोहरीएवढे पांढरे ठिपके होते. मी सतरा मोजले.